भुऱ्या कुत्रीच्या जागेवर

आमच्या संस्थेचा कान डावा होता.

कुत्रीची नसबंदी केली की ती गुंगीत असतानाच तिच्या कानाच्या टोकाचा एक लहानसा त्रिकोण कापतात. पुढे ती रस्त्यात लांबून दिसली तरी कळतं, हिचं झालेलं आहे, हिला पुन्हा पकडायचं नाही. कोणता कान कापायचा ते आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. आमचं ऑपरेशनचं टेबल नागभीडला एका बंद पडलेल्या राइस मिलमध्ये भिंतीला चिकटवून ठेवलेलं होतं, आणि त्या बाजूने डावा कानच हाताशी यायचा. एवढ्या शास्त्राच्या जोरावर मी पुढे चार वर्षं भांडले.

मी तेव्हा साठीची, म्हणजे तरुणच. पोस्टाच्या खिडकीवर बसून आयुष्यभर दुसऱ्यांच्या पाकिटांवर शिक्के मारले होते. निवृत्त झाले आणि सहा बायका, एक निवृत्त सरकारी जनावरांचे डॉक्टर आणि एक जाळी एवढ्या भांडवलावर संस्था काढली. कापलेला डावा कान दिसला की मला वाटायचं, हा आपला शिक्का. बसस्टँडवर कुत्री झोपलेली असली तरी मी तिचा कान बघून मान ताठ करून पुढे जायची. आज ती बाई मला रस्त्यात भेटली तर मी दुसऱ्या गल्लीने जाईन.

आमच्याशिवाय आणखी दोन संस्था होत्या. वरोऱ्याला एक ट्रस्ट होता, मूळचा गाईंचा. तो चालवणारे आजोबा कान कापणं पाप मानत आणि कुत्र्यांना लाल पट्टा बांधत. तो पट्टा महिनाभरात दुसरं कुत्रं खाऊन टाकी. गडचिरोलीकडे तरुण पोरापोरींची संस्था होती. गावच्या कुत्र्यांचा रोग रानातल्या जनावरांत जातो, रानातला गावात येतो, म्हणून ती मंडळी जंगलाकाठच्या गावांत लस टोचत फिरत, आणि जमेल तिथे नसबंदीही करत. त्यांचा कान उजवा. त्यांची डॉक्टर मुलगी मला फार नम्रपणे काकू म्हणायची, आणि त्याचाच मला राग यायचा. आम्ही सगळेच प्राण्यांवर माया करणारे. एकमेकांवर करायला कुणाला सवड नव्हती.

चौथ्या वर्षी माघाच्या शेवटी आम्ही दोन जिल्ह्यांच्या शिवेवरच्या एका गावात शिबिर लावलं. वीस-पंचवीस घरं, चहूकडे जंगल. या गावात गडचिरोलीवाले आधीच येऊन गेले होते. ते मला माहीत होतं, आणि म्हणूनच मी ते गाव निवडलं होतं. समाजमंदिरात टेबलं मांडली. दुपारी तीनला पंचायत समितीचे एक साहेब बघायला यायचे होते, आणि त्यांच्यासमोर ऑपरेशन झालेल्या कुत्र्यांची रांग दिसावी अशी माझी फार इच्छा.

अडीचच्या सुमाराला आमच्या लोकांनी जाळीत एक भुरी कुत्री आणली. घरी कुणी नव्हतं, ती दारात झोपली होती. डॉक्टरांनी तिला गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि कान चाचपून मला हाक मारली.

"बाई, हा उजवा कान पाहा. कापल्यावानी वाटते."

मी लांबूनच पाहिलं आणि म्हटलं, भांडणात फाटला असेल. डॉक्टर म्हणाले, मालकीण संध्याकाळी येईल, तिला विचारू, तोवर राहू दे. मी घड्याळाकडे पाहिलं. त्यांनी पोटावरचे केस काढले. जुन्या टाक्याची खूण नव्हती. मी म्हटलं, बघा.

आता यातली मेख सांगते. आमचे डॉक्टर पोटाच्या मधोमध छेद घेत. गडचिरोलीची मुलगी बाजूने, कुशीतून घ्यायची. दोन्ही पद्धती बरोबर. पण कुशीतला व्रण केसांखाली लपतो आणि तिथले केस आम्ही काढलेच नाहीत. ती कशी करते हे आम्हाला माहीत नव्हतं, कारण मी तिला कधी विचारलंच नव्हतं. तिचा कान उजवा ना!

आत काही सापडेना. डॉक्टर शोधत राहिले, छेद वाढवत गेले. मी दाराकडे बघत राहिले, साहेबांची गाडी आली का म्हणून. शेवटी त्यांनी चिमटा खाली ठेवला आणि मान वर न करता म्हणाले, "हिचं झालेलं आहे."

साहेब आलेच नाहीत. संध्याकाळी मालकीण आली, शेतातलं लाखोळी डाळीचं पीक उपटून, हात मातीने भरलेले. माझ्याच वयाची, फक्त तिला ते वय शोभत होतं. कुत्री कोपऱ्यात पोत्यावर पडलेली, पोटाला वीतभर टाके. बाई तिच्या तोंडाशी बसली. मग मला म्हणाली, "हिचं तं मांगच्या साली झालं न बाई. गडचिरोलीवाल्या पोरीनं केलं. कान नाई पाह्यला का?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी पोस्टाच्या खिडकीतला आवाज काढला, चुकीचा पत्ता लिहिणाऱ्यांना ऐकवायचा तो, आणि सांगितलं की मागचं अर्धवट राहिलं होतं, ते आम्ही पुरं केलं. वर समजावूनही दिलं, अर्धवट राहिलं तर किती धोका असतो ते. बरंच बोलले.

तिने ते सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, चालेल कधी? मी म्हटलं, आठ दिवसांत.

"मोहाच्या आंधी चालली पाह्यजे," ती म्हणाली.

तिच्या घरची मोहाची पाच झाडं नाल्यापलीकडे, आत जंगलात. फुलं पहाटे गळतात, ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. वेचणारी बाई तासन् तास वाकलेली असते, आणि वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही. बाकीच्या बायका घोळक्याने जात, पण त्यांची झाडं दुसऱ्या अंगाला. हिचा नवरा दम्याचा, त्याला तेवढं चालवत नव्हतं. म्हणून ही भुरी कुत्री पुढे चालायची. दोन वर्षांमागे तिने नाल्याच्या तोंडाशीच भुंकून मालकिणीला अडवून धरलं होतं, आणि समोरच्या झुडपातून वाघ उठून गेला होता. तेवढ्या फुलांवर त्या घराचे पावसाळ्याचे महिने निघत. हे सगळं मला डॉक्टरांनी परतताना जीपमध्ये सांगितलं. त्यांनी गावात चौकशी केली होती. मी साहेबांना फोन लावत होते.

टाके पिकले, ते काढून पुन्हा घालावे लागले. डॉक्टर एक दिवसाआड मोटारसायकलने जाऊन जखम धूत होते. मी एकदा गेले, बिस्किटांचा पुडा घेऊन.

माझं खोटं मात्र चांगलं धडधाकट होतं. आमच्या बायकांनी ते ऐकलं होतं, त्यांनी ते त्या गावात आणि शेजारच्या दोन गावांत सांगितलं. पंधरा दिवसांनी गडचिरोलीची लसीची गाडी तिथे गेली तेव्हा लोकांनी कुत्री घरात कोंडून घेतली. तुम्ही अर्धवट करता, म्हणाले.

याच सुमाराला जिल्ह्याच्या ठिकाणाहून निरोप आला की प्राण्यांच्या कामासाठी समिती बसणार आहे, सगळ्या संस्थांनी मिळून एकच नियमावली द्यावी, तीन तोंडांचे तीन कागद आणू नयेत. वरोऱ्याच्या ट्रस्टच्या ओसरीवर बैठका सुरू झाल्या. शस्त्रक्रियेनंतर जनावर किती दिवस ठेवायचं, पिंजरा केवढा असावा, पकडायला फास चालेल की जाळीच हवी, हे पहिल्या बैठकीत तासाभरात ठरलं. कोणता कान, यावर उरलेला दिवस गेला आणि दुसरी बैठकही गेली. मी डाव्या कानाच्या बाजूने असं काही बोलले की माझं मलाच पटलं. आजोबा कंटाळून म्हणाले, दोन्ही कापा आणि भांडण मिटवा. आणि हे पाप मानणारे!

मग डॉक्टर मुलगी बोलली. तीन गावांतून त्यांचा लसीचा डबा बर्फासकट परत आला होता. ती रागावली नव्हती, त्यामुळे जास्तच ऐकू आलं. ती म्हणाली, "कान कोणताही ठरवा. आम्ही अर्धवट करतो असं कोणी सांगितलं, तेवढं कळलं तर त्या गावांत परत जाता येईल."

मी चिवड्यातले शेंगदाणे निवडत होते. आमचे डॉक्टर पंख्याकडे बघत होते, आणि पंखा बंद होता.

परतीला नागभीडला उतरताना डॉक्टर म्हणाले, "उद्या सकाळी मी त्या पोरीले फोन करून राह्यलो. तुमी केला तं मी नाई करत."

सकाळी मीच केला. तीन वाक्यांत सांगितलं. इतकं थोडं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. मग ती म्हणाली, "मला सांगून काय होईल काकू? गावाला सांगा."

म्हणून तिन्ही संस्था एका जीपमध्ये बसून त्या गावाला गेल्या. फाल्गुन सरत आला होता, वाटेत मोहाखाली पहिली फुलं पडलेली दिसत होती. समाजमंदिरात गाव जमलं. भुरी कुत्री मालकिणीने उचलून आणली होती, ती अजून चार पावलं टाकून बसत होती. मी उभी राहिले आणि सांगितलं की गडचिरोलीच्या मुलीचं काम पूर्ण होतं, नीट होतं. मी कान पाहिला होता, घाई केली, आणि वर खोटं बोलले.

कुणी रागाने बोललं नाही. एक म्हातारे होते, त्यांनी शेजारच्या माणसाला त्यांच्या बोलीत काही विचारलं, मग मला समजावलं. त्यांच्याकडे शेळीच्या कानाला घरोघरची वेगळी खूण असते. कुणाची टोकाला चीर, कुणाची कडेला. एका घरची खूण असलेल्या जनावरावर दुसऱ्याने आपली खूण केली की त्यात विचारायचं काही उरत नाही, तो चोर. चोराने जनावर परत द्यायचं आणि मालकाचं जे अडलं असेल ते भरून द्यायचं. आमच्या शिबिरात त्या भुरीचा डावा कानही कापला गेला होता. सगळं झाल्यावर, रांगेत शोभावी म्हणून, मीच कापायला सांगितला होता.

मी म्हटलं, कबूल, पोतंभर तांदूळ पाठवते.

"तांदूळ पुढं चालून भुकन का?" मालकीण म्हणाली.

लोक हसले. ती हसली नाही. तिने विचारलं, "मंग कुत्रीचं काम कोन करन?" आणि सगळ्यांनी इकडेतिकडे बघितल्यावर माझ्याकडे बोट केलं. "ह्या बाईचा आवाज चांगला हाय. त्या दिवशी लय बोलली."

मला वाटलं थट्टा आहे. आमच्या डॉक्टरांकडे पाहिलं, तर ते म्हणाले, टाके सुटायला अजून आठ-नऊ दिवस लागतील. डॉक्टर मुलीने विचारलं, काकू, तुमच्या बीपीच्या गोळ्या बरोबर आहेत का? होत्या. जीप माझ्याशिवाय परत गेली.

नऊ दिवस मी तिच्या घरी राहिले. तांबडं फुटायच्या बेताला निघायचं. मी पुढे, हातात तेलाचा रिकामा डबा आणि काठी, ती मागे दोन टोपल्या घेऊन. पहिल्या दिवशी मी डबा असा बडवत निघाले की तिने मागून टोपलीने ढोसलं. सारखा आवाज केला की जनावराला त्याची सवय होते, म्हणाली, आणि आपल्यालाही दुसरं काही ऐकू येत नाही. कुत्री कशी, चार पावलं चालते, थांबते, हुंगते, मग गरज वाटली तर भुंकते. मी म्हटलं, मला हुंगता येत नाही. "मंग थांबता तं येते न," ती म्हणाली.

नाल्याशी थांबायचं, डबा दोनदा वाजवायचा, ऐकायचं, मग उतरायचं. झाडाखाली ती वाकली की मी उभं राहायचं, तिच्याकडे पाठ करून. बसायचं नाही. दुसऱ्या दिवशी मी बसले, तर ती वेचणं थांबवून उभी राहिली. मी उठल्यावरच पुन्हा वाकली. तिसऱ्या दिवशी नाल्याच्या वाळूत पंजा दिसला, माझ्या दोन तळव्यांएवढा वाटला. मी शिकवलेलं सगळं विसरून डबा बडवायला लागले. तिने पंजाशी बोट घातलं, कड ढासळलेली होती. जुना आहे, म्हणाली, चला. मी चालले. पुढे जे झुडूप येईल त्याला मी मोठ्याने रामराम करत होते.

हळूहळू आमचं बोलणं व्हायला लागलं, म्हणजे ती वेचताना बोलायची आणि मी जंगलाकडे तोंड करून उत्तर द्यायची. एकदा मी विचारलं, त्या दिवशी माझं खोटं तिला खरं वाटलं होतं का?

"नाई. पावसात गावच्या साऱ्या कुत्र्या व्याल्या, हे एकटीच नाई व्याली. अर्धवट राह्यलं असतं तं व्याली नसती का?"

मग गावाला सांगितलं का नाही, मी विचारलं.

"तुमी सांगता का, ते पाहून राह्यली होती."

त्यावर मी डबा वाजवला.

पुढच्या दिवशी तिने विचारलं, तुम्ही लोक कागदावर काय लिहिता आहात? मी सगळी कलमं ऐकवली. पिंजऱ्याची लांबी, पाण्याचं भांडं, किती दिवस ठेवायचं, कोणी सही करायची. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आन धराचं कवा, हे काऊन नाई लिहिलं? मोहाच्या तोंडावर कोणी कामाचं जनावर कापते का?"

आम्ही तीन संस्था, दोन डॉक्टर, दोन अख्ख्या बैठका, आणि हे एकालाही सुचलं नव्हतं. आमच्या लेखी कुत्री म्हणजे पकडायची, कापायची, सोडायची. तिला काही काम असतं, त्या कामाचे दिवस असतात, ती आठ दिवस निजून राहिली तर कुणाचं तरी चालणं अडतं, हे मी नऊ दिवस तिच्या जागेवर उभी राहिले म्हणून मला कळलं. ते पोस्टात कळलं असतं का? सुट्टीवर गेलेल्या माणसाच्या जागेवर मी कित्येकदा बसले होते. पण तिथे वाळूत पंजे नव्हते.

दहाव्या दिवशी सकाळी कुत्री आमच्या मागून आली. आदल्या संध्याकाळी डॉक्टर टाके काढून गेले होते. नाल्यापर्यंत ती मालकिणीच्या पायाशी राहिली. तिथे मी थांबले, डबा वर उचलला, तर ती माझ्या बाजूने पुढे गेली, हुंगलं, एकदाच भुंकली आणि नाल्यात उतरली.

मालकीण म्हणाली, "आता तुमी जा घरी बाई. तुमी लय बोलता. ते कामापुरतं भुकते."

तिसरी बैठक अर्ध्या तासात संपली. उजवा कान मीच सुचवला, कारण जंगलाकाठच्या गावांत उजवेच जास्त होते आणि त्या कुत्र्यांना पुन्हा हात लावायची वेळ येऊ नये. छेद घेण्याआधी पोट आणि दोन्ही कुशी तपासायच्या, शंका आली तर मालकाला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे डॉक्टरांनी लिहिलं. आणि मी कलम घातलं की जनावर कामाचं असेल तर त्याचा हंगाम विचारून, तो टाळूनच शिबिर घ्यावं. आजोबा म्हणाले, कुत्र्याला कसला आला हंगाम? डॉक्टर मुलगी म्हणाली, काकूंना विचारा, त्यांनी नोकरी केली आहे.

समितीने सगळंच घेतलं असं नाही. पिंजऱ्याची लांबी कमी केली, सहीच्या जागा वाढवल्या. हंगामाचं कलम एका साहेबांनी विनोदी म्हणून खोडायला घेतलं होतं. तेव्हा आम्ही तिघंही एकदम बोललो. तिघांनी एकच गोष्ट बोलायची ती आमची पहिलीच वेळ. कलम राहिलं.

वैशाखात, मोहाची फुलं वाळवून झाल्यावर, लसीची गाडी त्या गावात गेली. गडचिरोलीची गाडी, आमचे डॉक्टर, वरोऱ्याचे पिंजरे. मला फॉर्म भरायला बसवलं होतं. लोक कुत्री घेऊन येत होते, पण दारात उभे राहून आधी मालकिणीकडे बघत होते. ती भुरीला घेऊन सर्वांत पुढे आली. डॉक्टर मुलीने सुई टोचली तेव्हा तिनेच कुत्रीचं डोकं धरलं. मग ती माझ्यासमोर बसली. फॉर्मवर नवा रकाना होता: जनावराचं काम.

"लिहा," ती म्हणाली. "पुढं चालते."

मी लिहिलं. तिने ते मला मोठ्याने वाचून दाखवायला लावलं. मग मागे वळून रांगेतल्या लोकांना म्हणाली, "या आता. बाई इचारून लिहून राह्यली."

रांग पुढे सरकली.